गुडघा दाखवायला जाताना

भेस्तानात कुणाचा गुडघा दुखायला लागला की ती बातमी सगळ्यांत शेवटी डॉक्टरला कळते. त्याआधी ती जिन्यातल्या सगळ्या मजल्यांना, भाजीवाल्याला, मेडिकलवाल्या पोराला, भजनी मंडळाला आणि अमळनेर-शिंदखेड्याच्या झाडून सगळ्या नातलगांना कळलेली असते. प्रत्येकाने एकेक उपाय सुचवलेला असतो आणि ते सगळे करून झालेले असतात. एवढं झाल्यावर ‘आता डॉक्टरला दाखवू’ हा ठराव घरात मंजूर होतो आणि मग तयारी सुरू होते.

ज्यांना भेस्तान ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुरतेच्या दक्षिणेला, मुंबईच्या रेल्वेलाइनवर, उधना आणि सचिन यांच्यामध्ये हे गाव आता शहरातच मिसळलंय. शेजारी पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंगच्या मिला, आजूबाजूला लूम्सची खाती. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं पोटामागे इकडे आली आणि राहिली. श्रावणात इथे आमची खान्देशी देवी कानबाई बसते, तेव्हा आपण गुजरातेत आहोत हे लक्षात ठेवायला दुकानांच्या पाट्या वाचाव्या लागतात. या माणसांच्या गुडघ्यांचा इतिहास सरळ आहे. बायकांनी वर्षानुवर्षं फरशीवर बसून साड्यांचे धागे कापले, टिकल्या चिकटवल्या, लेस लावली. पुरुषांनी बारा-बारा तास लूम्सच्या मधल्या बोळांतून फेऱ्या मारल्या. त्या कमाईतून फ्लॅट घेतला तो तिसऱ्या मजल्यावरचा, बिनलिफ्टचा, कारण तो स्वस्त पडला. सगळ्या संसाराचा ताळेबंद अखेर गुडघ्यात येऊन जमा झाला.

माझी मोठी माय अशाच एका तिसऱ्या मजल्यावर राहते. तिचे टोंगये (आमच्याकडे गुडघ्याला टोंगया म्हणतात) बरीच वर्षं कुरकुरत होते. डॉक्टरकडे न जाण्याचं तिचं कारण एकच : ‘‘ऑपरेशनच सांगतीन.’’ ही भीती घालणारा तज्ज्ञ दुसऱ्या मजल्यावर राहतो. तो मिलमधून रिटायर झालेला गृहस्थ आहे आणि त्याच्यापाशी एकच दाखला आहे, वाजपेयींचा. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींच्या डाव्या गुडघ्याचं सांधेरोपण मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात झालं, पुढच्या वर्षी उजव्याचं. करायला न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. तोवर गुडघा हा घरगुती अवयव होता, त्या दिवसापासून तो राष्ट्रीय झाला. ‘‘पंतप्रधानालाबी बदलावा लागला, आपली काय कथा?’’ असं म्हणून हे गृहस्थ जिना उतरतात, ते कठड्याला धरून, एकेक पायरी, आडवे. स्वतःचा गुडघा त्यांनी अजून कुणालाही दाखवलेला नाही.

ऑपरेशनच्या खर्चाचे आकडे तर प्रत्येक मजल्यावर वेगळे. वास्तविक ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याची किंमत बांधून दिली. नेहमी वापरतात त्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी ठरली, आणि त्याआधी तोच दीड लाखाच्या घरात जात होता. पण जिन्यातल्या चर्चेत कुठलीही किंमत कधी खाली आलेली मी ऐकलेली नाही. शिवाय झीज झालेल्या प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. बहुतेकांची गाडी व्यायाम, वजन, काठी आणि बेताच्या गोळ्यांवर चालते. पण हे सांगायला डॉक्टरकडे जावं लागतं आणि डॉक्टरकडे गेलं की ऑपरेशन सांगतात. असा तो तिढा.

तर तयारी. पहिली तयारी म्हणजे राहून गेलेले उपाय उरकून घेणं. ‘उद्या डॉक्टरनं विचारलं, हे केलं का, तर काय सांगशील?’ या धास्तीने शेवटच्या आठवड्यात उपायांना फार जोर येतो. महानारायण तेल झालं, एरंडाचं पान बांधून झालं, मेथीचे दाणे भिजवून झाले, पारिजातकाच्या पानांचा काढा झाला. भुसावळकडून येणारा प्रत्येक पाहुणा उधन्याला उतरतो तो हातात एक बाटली घेऊन. डिंकाचे लाडू तर प्रत्येक हिवाळ्यात होतातच. लाडू गुडघ्यांसाठी खायचे आणि मग ते लाडू गुडघ्यांनीच तीन मजले वर वाहून न्यायचे, यातली गंमत आमच्या घरात फक्त मला दिसते.

उपायांच्या बरोबरीने मनाई असते. वांगं बंद, कारण ते वातूळ. जळगावकडच्या बाईला भरीत बंद करायला सांगणं म्हणजे काय, हे सुरतेत लोचोवर वाढलेल्या माणसाला कळायचं नाही. दुसरी मनाई बोटं मोडायची. कडाकडा बोटं मोडली की म्हातारपणी सांधे जातात, हे मोठी मायला तिच्या सासूने सांगितलेलं. हीच ताकीद कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरला त्याच्या आईने आणि मावश्यांनी लहानपणी दिली होती. त्या पठ्ठ्याने पन्नास वर्षं रोज फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्या हाताला हात लावला नाही, आणि मग दोन्ही हात तपासून १९९८ साली छापून टाकलं की कुठल्याच हाताला संधिवात नाही. त्याबद्दल त्याला २००९ साली इग नोबेल हे गमतीचं पारितोषिकही मिळालं. मी हे मोठी मायला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘त्याची माय किती दुखवली असंन त्यानं.’’

दुसरी तयारी कागदांची. आमच्याकडे फाइल म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीही साडीच्या दुकानाची. सुरतेत तिला तोटा नाही. तिच्यातून निघालं ते असं : मोतीबिंदूचे कागद, तिचे यजमान आबा यांच्या मूळव्याधीची चिठ्ठी, नातीच्या कानाचा रिपोर्ट, लाइटबिल, एका बाबाचा फोटो आणि तळाशी एक एक्स-रे. तो उजेडाकडे धरून घरातल्या प्रत्येकाने पाहिला आणि प्रत्येकाने ‘हूं’ केलं. खूप वेळाने सुनेला त्यात बरगड्या दिसल्या.

एक्स-रेवरून आठवलं. गुडघ्याच्या झिजेची प्रतवारी १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी लावली. शून्य ते चार. डॉक्टर मंडळी आजही तीच वापरतात आणि आमच्या बिल्डिंगीतही ती रुळली आहे. ‘‘माझा थर्ड ग्रेड आहे, पहिल्या मजल्यावाली फोर्थ सांगते पण मला नाही वाटत,’’ अशा थाटात बायका बोलतात, पोरांच्या टक्क्यांबद्दल बोलावं तशा. आता या प्रतवारीत एक मोठी मेख आहे. फोटोतली झीज आणि अंगातलं दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही. ज्या कूर्चेची झीज होते तिला स्वतःला मज्जातंतू नसतात. दुखतं ते आजूबाजूचं हाड, सांध्याचं अस्तर आणि स्नायू यांचं. म्हणून चौथ्या ग्रेडची बाई कानबाईपुढे फुगडी घालते आणि दुसऱ्या ग्रेडवाली खाट सोडत नाही. पण ग्रेडची चढाओढ सुरू झाल्यावर हे कोण ऐकतो!

तिसरी तयारी पोशाखाची. डॉक्टरकडे जायचं म्हणजे चार माणसांत जायचं. मोठी मायने ठेवणीतली साडी काढली, आतून परकर, त्याच्या आत थंडी वाजू नये म्हणून लेगिंग, लेगिंगच्या आत गुडघ्याचा पट्टा, पट्ट्याखाली क्रेप बँडेज, आणि बँडेजखाली रात्री लावलेला हळदीचा लेप. जी वस्तू दाखवायला चाललो होतो ती सोडून बाकी सगळं दिसत होतं. सुनेने दबक्या आवाजात सुचवलं की डॉक्टर गुडघा बघायला मागतील. मोठी माय म्हणाली, ‘‘फोटो काढतीन ना.’’

आणि ती सकाळी दुखण्याची गोळी घेऊन, बाम चोळून, गरम पाण्याने शेकून निघाली, कारण दवाखान्याला एक जिना होता. यामुळे डॉक्टरांसमोर जी बाई उभी राहणार होती ती गेल्या सहा महिन्यांतली सर्वांत टुणटुणीत बाई होती. दुखणं असं वागतं. घरी दहा जणांपुढे रडतं आणि डॉक्टरचं तोंड पाहिलं की शहाण्यासारखं गप्प बसतं.

खरं तर मोठी मायचं दुखणं समोर कोण आहे त्यावर ठरतं. सून समोर असली की फार. लेकीचा नंदुरबारहून व्हिडिओ कॉल आला की त्याहून फार. विहीण आली तर अजिबात नाही, उलट जमिनीवर मांडी घालून बसते आणि उठताना ‘‘हे काय, काहीच नाही’’ म्हणते. चैत्रात सप्तशृंगीला जायचं ठरलं तर पाचशेच्या वर पायऱ्या हसत चढते. २०१८ पासून तिथे पायऱ्या वाचवणारी ट्रॉली आहे, पण ट्रॉलीने गेलेलं देवीला पोचत नाही असं तिचं मत आहे. तिसऱ्या मजल्याला मात्र देवी नसल्यामुळे तो चढवत नाही.

म्हणून नातीने आधीच एक कागद करायला घेतला होता. नात नर्सिंगला आहे, आणि घरात कुणाला कशाचा धाक असेल तर तो तिच्या पेनाचा. तिचं म्हणणं असं की आपल्याकडे डॉक्टरच्या हाती वेळच कमी. ते खोटं नाही. ६७ देशांची माहिती गोळा करून २०१७ साली एक अभ्यास छापला गेला. त्यात स्वीडनमधला साधा डॉक्टर एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटं देतो, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि आपण दोन मिनिटांच्या आसपास. त्या दोन मिनिटांतही डॉक्टर आपलं ऐकून घेईलच असं नाही. अमेरिकेत १९८४ साली दोघा संशोधकांनी मोजून पाहिलं तर रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. अठरा सेकंदांत मोठी मायचा पदर नीट होतो.

तेव्हा सगळं लिहून न्यायचं. नातीने विचारायचं, मोठी मायने सांगायचं, मी लिहायचं. नातीने आधार म्हणून मोबाइलवर वोमॅक नावाची प्रश्नावली काढली. गुडघ्याच्या त्रासाचं माप घ्यायला ती जगभर वापरतात. कॅनडातली आहे. एकूण २४ प्रश्न : दुखण्याचे पाच, आखडण्याचे दोन आणि रोजच्या कामांचे सतरा. या सतरांत मोजे घालायला किती त्रास होतो हा एक प्रश्न, आणि मोजे काढायला किती होतो हा दुसरा. बाथटबमध्ये शिरताना काय होतं, मोटारीतून उतरताना काय होतं, हेही. मोठी मायने जन्मात मोजा घातलेला नाही आणि टब पाहिला तो सिरियलमध्ये. मग नातीने ते खोडून आपल्या घरचे प्रश्न टाकले. भाकरी थापायला खाली बसता येतं का? शेतात, गावी गेल्यावर, उकिडवं बसणं जमतं का? धागे कापताना किती वेळाने पाय लांब करावा लागतो? रिक्षात आधी कुठला पाय टाकतेस? हा शेवटचा प्रश्न मला फार आवडला.

‘‘सकाळी उठल्यावर किती वेळ आखडलेलं असतं?’’

‘‘पाणी येईपर्यंत.’’

‘‘मिनिटांत सांग.’’

‘‘ते महापालिकेला विचार.’’

हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण डॉक्टरला त्यातून फार कळतं. झिजेच्या संधिवातात सकाळचं आखडणं बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतं. तासाच्या वर टिकलं, बोटांचे सांधे सुजले, तर डॉक्टर दुसऱ्या जातीच्या संधिवाताचा संशय घेतात, आणि त्याची औषधं निराळी असतात. नातीने आबांना घड्याळ लावून बसवलं. पंचवीस मिनिटं निघाली.

पुढचा प्रश्न अवघड होता : दहापैकी किती दुखतं?

‘‘बारा.’’

‘‘दहाच्या वर जाता येत नाही, आजी.’’

‘‘बारा सांगू तवा तो दहा लावीन.’’

तिचंही बरोबर आहे. जिने सगळी हयात कापडाच्या धंद्याशेजारी काढली, जिला माहीत आहे की रिंग रोडच्या मार्केटात पहिला भाव कापण्यासाठीच सांगायचा असतो, ती डॉक्टरला खरा आकडा कशाला सांगेल? बरीच ओढाताण झाली. उतरताना सहा, चढताना चार, बसून उठताना सात, रात्री तीन, असा फोडून भाव ठरला. एका आकड्यापेक्षा हे कितीतरी कामाचं निघालं.

मग बाकीचं : बीपी आहे, साखर काठावर, पित्त होतं. हे लिहिणं गरजेचं, कारण दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्या पोटाला, मूत्रपिंडाला आणि बीपीला त्रास देऊ शकतात. पाळी कधी बंद झाली? कारण बायकांत हा त्रास त्यानंतर वाढतो. आबा उठून गॅलरीत गेले. शेवटी नातीने विचारलं, गुडघा बरा झाला तर तुला काय करायचंय? मोठी माय पहिल्यांदाच विचारात पडली. म्हणाली, ‘‘गच्चीवर जायचंय. उतराणला. बठ्ठी पोरं वर अन मी खाली दाराशी बसते.’’ ते लिहिलं. (उतराण म्हणजे इकडची पतंगांची संक्रांत.)

तो कागद घेऊन दवाखान्यात पोचलो. डॉक्टर सुरती, पण वर्षानुवर्षं खान्देशी टोंगये तपासून त्यांना आमची बोली पुरती समजते. ‘‘बोलो माजी, शुं थाय छे?’’

एवढा कागद, एवढी मोजणी, आणि मोठी माय म्हणाली, ‘‘काही नाही. जरासे दुखतात.’’

मी कागद पुढे केला. डॉक्टरांनी तो वाचला, ‘उतराण’पाशी थोडे थांबले, आणि म्हणाले, पट्टा काढा. मग ते उलगडणं सुरू झालं. हळद खाली पडली. बाहेरचे पेशंट ताटकळले. पण गुडघा दिसला, वाकवून पाहिला, उभं राहून फोटो निघाला. उभं राहून, कारण वजन पडल्याशिवाय सांध्यातली फट खरी किती उरली ते दिसत नाही. डॉक्टरांनी फट दाखवली. आबा शेजारून म्हणाले, ‘‘बेअरिंग गेलं म्हणा ना.’’ साऱ्या मिलवाल्यांना गुडघा असाच समजतो, आणि ग्रीस घातलं की झालं असंही वाटतं. डॉक्टर म्हणाले, ग्रीस नाही, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, रोखून धरायचा. काठी वापरायची ती दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. आणि वजन. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने हलका होतो, असं पाहणीत आढळलंय. मोठी मायने एकदम लाडवांच्या डब्याची बाजू घेतल्यासारखा चेहरा केला. ऑपरेशनचं नाव डॉक्टरांनी काढलं नाही. ती थोडी हिरमुसलीच. एवढ्या तयारीनंतर नुसता व्यायाम!

आम्ही उठलो, दारापर्यंत गेलो. कुठलंही खरं दुखणं दाराशीच निघतं. मोठी माय वळून म्हणाली, ‘‘अन ती पुडी चालू ठेवू ना?’’

‘‘कौनसी पुडी?’’

ती कागदावर नव्हती, कारण पुडीला कुणी औषध समजत नाही. आठवडी बाजारात एकजण देतो, कागदात बांधून, नावगाव नसलेली. घेतली की तासाभरात पाय मोकळे. डॉक्टरांनी आम्हाला परत बसवलं आणि त्या दिवशीचं सगळ्यांत लांब बोलणं झालं ते या पुडीवर. असल्या झटपट पुड्यांत पुष्कळदा स्टीरॉइड सापडलेलं आहे. त्याने दुखणं दबतं, पण साखर चढते, बीपी चढतं, हाडं ठिसूळ होतात. आणि बरेच दिवस खाल्लं असेल तर एकाएकी मनाने बंद करणंही बरं नाही, डॉक्टरच्या सांगण्याने उतरवावं लागतं. काठावरची साखर काठावर का आली असेल, याची नवीनच तपासणी लिहून मिळाली. सून माझ्याकडे बघत होती, मी आबांकडे, आबा छताकडे. पुडी आबाच आणत होते.

दुसऱ्यांदा दाराशी गेल्यावर मोठी मायने खालच्या आवाजात विचारलं, ‘‘भरीत?’’

‘‘खावो. तेल ओछुं नाखजो.’’

त्या एका उत्तरावर तो डॉक्टर आमच्या बिल्डिंगीत प्रसिद्ध झाला, आणि त्याच्याबरोबर नातीचा कागद. ‘‘कागद नेला तर तो नीट बघतो’’ अशी खबर जिन्यातून फिरली. खालच्या झेरॉक्सवाल्याकडे मूळ प्रत गेली आणि तिच्या प्रती निघाल्या. नातीने उत्तरं पांढऱ्या शाईने खोडून प्रश्न तेवढे ठेवले, ते चांगलं केलं, नाहीतर अख्ख्या बिल्डिंगीला उतरताना सहा आणि चढताना चार दुखलं असतं. रिक्षाच्या प्रश्नाने पहिल्या मजल्यावर एक भांडण झालं, त्याचा तपशील इथे नको.

आणि परवा दुसऱ्या मजल्यावरचे ते वाजपेयीवाले गृहस्थही कागद घेऊन गेले. एकेक प्रश्न वाचून त्यांनी प्रामाणिकपणे उत्तरं भरली होती, एकही रकाना मोकळा सोडला नव्हता. डॉक्टर वाचत वाचत एका ओळीपाशी आले आणि त्यांनी चष्मा काढला. तिथे प्रश्न होता, पाळी कधी बंद झाली. गृहस्थांनी लिहिलं होतं : ‘नोटबंदीच्या साली. मालकाने रात्रीची बंद केली, दिवसाची चालू होती.’